सुरतेतली सात दारं

डिंपलला सासरी मेहरूणला दुसरी मुलगी झाली, ते साल. लेकीचं बाळंतपण उरकून भागाबाई गावी परतली, आणि विसाव्या दिवशी ती नरडाण्याच्या फलाटावर नवऱ्याशी वाद घालत उभी होती.

"इतल्या बिबड्या कसाले लिध्यात?" धनसिंग पिशवीतल्या ज्वारीच्या पापडांकडे पाहत म्हणाला. "आपन फिराले जाई राहिनूत. लगीनमा नही."

"खाली हाते कोनाघर जातस का?"

"कोनाघर जावानंच नही शे. प्रेमराजघर उतरनं, सुरत देखनी, नि परत येनं."

"आनी समुंदर?"

"समुंदरबी देखनं. त्यानाकरताच ते जाई राहिनूत."

भागाबाईने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. बिबड्या मात्र ठेवल्या नाहीत.

धनसिंग रेल्वेत गेटमन होता. नरडाण्याच्या पुढे शेतांच्या मधोमध एक फाटक, फाटकाशेजारी एक खोली, खोलीत फोन. फोन वाजला की फाटक लावायचं, हिरवी झेंडी घेऊन उभं राहायचं, गाडी गेली की फाटक उघडायचं. एकतीस वर्षं त्याने हेच केलं. सुरतेच्या सगळ्या गाड्या त्याच्या नाकासमोरून गेल्या, पण तो स्वतः कधी सुरतेला गेला नाही. रजा मागितली की बदली माणूस नसे, आणि बदली माणूस असला की शेतीचं काम निघे.

भागाबाई दुपारी त्याची भाकर घेऊन फाटकावर यायची. मुलगा ललित शाळेत होता तेव्हाची गोष्ट. एकदा गाडी गेल्यावर ती रुळाकडे पाहत म्हणाली, "ही गाडी जठे जास, तठे मोठं पानी शे म्हने."

"समुंदर शे. सुरतना पुढे."

"आनी कोनी भरत नही का ते?"

धनसिंग तेव्हा खूप हसला होता. ती हसली नव्हती. त्या उन्हाळ्यात ती दीड कोसावरून डोक्यावर पाणी आणत होती. "देखाडसू तुले एक दिवस," तो म्हणाला. त्यानंतर ललित शिकला, पुण्याला नोकरीला लागला, डिंपलचं लग्न झालं, धनसिंग निवृत्त झाला. मग लॉकडाऊनची दोन वर्षं गेली. निवृत्त माणसाला रेल्वेचा पास मिळतो. ते पासही तसेच गेले. या वर्षीचा पास डिसेंबर संपला की संपणार होता. पास वाया घालवणं म्हणजे धनसिंगच्या लेखी ताटातलं अन्न टाकणं. म्हणून डिसेंबरच्या अठ्ठावीस तारखेला दोघं निघाली. एकतीसला परत.

गाडीत भागाबाईला खिडकी मिळाली. त्यांचं फाटक आलं तेव्हा नवा गेटमन झेंडी घेऊन उभा होता. धनसिंगचा हात आपोआप वर गेला. गेटमनने पाहिलं नाही.

सुरतेआधीच्या उधना स्टेशनवर प्रेमराज घ्यायला आला होता. प्रेमराज म्हणजे धनसिंगच्या चुलतभावाचा मुलगा. तो कापडाच्या लूमवर कामाला होता, आणि त्याची बायको सारिका घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. ती सुरतेतच वाढलेली. बोलायला एकदम मोकळी.

"काकू, सकाय डुमसले समुंदरवर जाऊत," चहा देता देता तिने सांगून टाकलं. "तठे टमाटाना भजा भेटतस. मंग मासा देखाना, काचना घरमा ऱ्हातस त्या. मंग किल्ला."

भागाबाईने चहा घेतला नाही. तिने विचारलं, "डिंडोलीमा प्रमिलाबाई राहास ना? झुलाल आबानी?"

प्रेमराजने बायकोकडे पाहिलं. "राहास. पन काकू, आबाले जाईसन आते दीड वरीसवर व्हई गयं."

"कितलं व्हयनं ते माले माहीत शे. आम्ही दारवर गयूत नही."

 आपल्याकडे माणूस गेलं की नात्यातल्यांनी एकदा त्या घराच्या दारावर जाऊन बसायचं असतं. बायका आत, पुरुष बाहेर. पाणी घ्यायचं, दोन शब्द बोलायचे, आणि उठताना 'येतो' म्हणायचं नाही. दुःखाच्या घरी पुन्हा येण्याची भाषा करत नाहीत. मुकाट उठायचं. हे झाल्याशिवाय त्या घरचा चहा प्यायचा नाही, त्या गल्लीतून हसत जायचं नाही. पण त्या दोन वर्षांत माणसं पिकल्या निंबोळ्यांसारखी गळाली आणि कुणी कुणाच्या दारावर जाऊ शकलं नाही. गाड्या बंद, रस्ते बंद. फोन झाले तेवढेच. आणि अर्धा खानदेश तर सुरतेत पोटासाठी आलेला.

"दारवर गया बिगर त्यासनाच गावमा भजा खात फिरनं?" भागाबाई म्हणाली. "तोंड कसं दखाडसू?"

"एक दार करी लेऊत," धनसिंग म्हणाला. "मंग समुंदर."

त्याला खरंच एकच वाटलं होतं.

झुलाल आबा भागाबाईच्या मामाचा मुलगा. डिंडोलीत जिन्यावरचं दोन खोल्यांचं घर. रीत अशी की बाईने दारात पोचायच्या आधीच रडणं काढायचं. भागाबाईने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पदर डोक्यावरून ओढला आणि हंबरडा फोडला, "मना भाऊ वं! कोठे गया वं मना भाऊ!" त्यासरशी सगळी बिऱ्हाडं दारात आली. शेजारी परप्रांतातले, त्यांना वाटलं, आत्ताच कुणी गेलं. एक जण लगबगीने चप्पल घालून आला आणि प्रेमराजला विचारू लागला, "कौन गुजर गया भैया? अभी तक तो सब ठीक था."

"अभी नहीं," प्रेमराज ओशाळून म्हणाला. "डेढ़ साल हुआ."

तो माणूस काही न कळून तसाच उभा राहिला. मग परत गेला.

आबाची बायको प्रमिलाबाई पलंगावर बसली होती. टीव्ही चालू होता. तिने आवाज बंद केला, पण रडली नाही. भागाबाईने गळ्यात हात घातले तरी लाकडासारखी बसून राहिली. धनसिंगला बाहेर गॅलरीत खुर्ची दिली होती. तिथून त्याला दिसत होतं.

"तूच पहिली उनी, भागा," प्रमिलाबाई म्हणाली. "कोनीच उनं नही. दवाखानानी गाडी लई गयी. तोंडबी देखाडं नही. बठ्ठासना फोन येत. फोनवर कसं रडतस वं? माले येतच नही."

"आते रड," भागाबाई म्हणाली.

मग ती रडली. दीड वर्षाचं रडली. धनसिंग गॅलरीतून खाली रस्त्याकडे पाहत राहिला. रस्त्यावर ऊस चिरडायचं यंत्र घुंगरू वाजवत चाललं होतं.

उठताना कुणी 'येतो' म्हणालं नाही. जिना उतरले, तर खाली एक बाई उभी. हंबरडा ऐकून मागच्या गल्लीतून आलेली. धनसिंगचा लहानपणचा सोबती पुना याची ती बायको.

"धनसिंग भाऊ," ती म्हणाली, "आम्हनं दार याद नही का?"

पुना गेल्याचं धनसिंगला फोनवर कळलं होतं. तो तेव्हा खळ्यात होता. फोन ठेवून त्याने उरलेली पोती शिवली होती. आता त्याला त्या बाईच्या तोंडाकडे पाहवेना. "शे ना वहिनी," तो म्हणाला. "तुमनाकडेच येई राहिंतूत."

असं एकातून एक दार निघत गेलं. पहिल्या दिवशी दोन. दुसऱ्या दिवशी चार. एका दारावर बसलं की शेजारचं कुणी यायचं, आणि आमच्याकडेही झालंय म्हणायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. पुरुषांच्या बाजूला धनसिंग बसायचा आणि तेच तेच बोलायचा. कसं झालं? कितली उमर व्हती? दवाखानामा कितला दिन ठेयं? मग म्हणायचा, देवपुढे कोनं चालत नही. चौथ्या दारावर त्याला आपलाच आवाज स्टेशनातल्या भोंग्यासारखा वाटू लागला. गाडी कोणती का असेना, आवाज एकच. आत भागाबाईचंही तेच झालं होतं. पदर तोंडावर होता, हुंदक्याचा आवाज होता. पण बाहेर आली की तिचे डोळे कोरडे असायचे.

"पानीच येत नही आते," रिक्षात ती म्हणाली. "बोअरिंग आटनी."

"ऱ्हाऊ दे मंग. पुरे व्हयनं."

"पुरे कसं व्हई? त्यासनं पुरे व्हयनं का?"

रिक्षातून जी सुरत दिसली ती तिने पाहिली. पुलांवर पूल, कपड्यांचे डोंगर लादलेल्या हातगाड्या, उंच इमारतींना लावलेली काच. "मोठी शे सुरत," ती म्हणाली. "मरनाराबी बराच शेतस."

रात्री जेवताना सारिका थट्टा करायची. "काकू, तुम्हीन सुरत देखाले उनात का सुरतनं रडनं देखाले? सकाय मनी ओळखमा एक मारवाडी शे, तोबी मरेल शे. त्यानाकडे चालनं का?"

"भेटाड त्यानी बायको," भागाबाई म्हणाली आणि सगळे हसले. भागाबाई सगळ्यांत जास्त हसली. मग उठून तिने सारिकाच्या मोरीतली बादली, पिंप, दोन हंडे, सगळं भरून ठेवलं.

"काकू, आठे दररोज पानी येस."

"येऊ दे. भरेल बरं."

तिसऱ्या दिवशी सकाळी धनसिंग म्हणाला, "आज समुंदर. आते एकबी दार नही."

"एक शे," भागाबाई म्हणाली. ती पलंगाच्या कडेला बसली होती. "दिपमाला."

दिपमाला तिच्या मोठ्या बहिणीची मुलगी. भागाबाईच्या मांडीवर वाढलेली. दुसऱ्या लाटेत गेली, चौतीस वर्षांची, मागे दोन लेकरं. हे दार तिने पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, पण ते तिने सर्वांत शेवटी ठेवलं होतं. का, ते धनसिंगने विचारलं नाही. घर नदीपलीकडे होतं. दिवस जाणार हे उघड होतं.

पुलावर आल्यावर भागाबाईने रिक्षावाल्याला हळू करायला लावलं. "ही तापीच का? आपली?"

"आपलीच. आपलाकडनी, मुडावदवाली."

तिने खाली बराच वेळ पाहिलं. "आठे येईसन कसं अंग धरं वं तिनी," ती म्हणाली. माहेरची मुलगी सासरी जाऊन भरली की बायका म्हणतात, तसं.

दिपमालाच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं. हे भागाबाईला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं. गल्लीत शिरताना तिने पदर ओढला, तोंड उघडलं, आणि दारात एक तरुण बाई आली. हाताला कणीक लागलेली. रडणं भागाबाईच्या घशातच राहिलं.

"कोण पाहिजे?"

"मी भागाबाई. नरडाण्याकडची. दिपमालानी मावशी."

"या ना मावशी, आत या. हे ड्युटीवर गेलेत." त्या बाईचं नाव सुलक्षणा. नंदुरबारची. तिने धनसिंगला ओट्यावर खुर्ची दिली, पाणी दिलं. आतून एक सहा-सात वर्षांची मुलगी धावत आली आणि तिला चिकटली. "आई, कोण आलं?"

"आजी आली. तुझी आजी."

भिंतीवर दिपमालाचा फोटो होता. हार प्लास्टिकचा होता, पण त्यावर धूळ नव्हती. भागाबाई फोटोकडे पाहत खाली बसली. जिच्या गळ्यात पडून रडायचं, ती दिपमालाची आईही गेलेली. आणि हिच्या गळ्यात कसं पडायचं?

शेवटी सुलक्षणाच म्हणाली, "मावशी, तुम्ही रडा. माझ्यासमोर कुणी रडत नाही. येतात, पाणी पितात, माझ्याकडे बघतात नि जातात. मलाच चोरट्यासारखं होतं. मी पोरांना घेऊन गच्चीवर जाते. तुम्ही बसा तिच्यापाशी."

आणि ती खरंच गेली. दोन्ही लेकरांना घेऊन जिना चढून वर गेली.

धनसिंगला ओट्यावरून आतलं दिसत होतं. भागाबाई फोटोसमोर बसून राहिली. वरून लेकरांच्या पळण्याचा आवाज येत होता. तिने पदर तोंडाशी नेला, परत खाली आणला. रडू आलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग ती उठली, हात धुतले, आणि परातीत अर्धी राहिलेली कणीक मळायला बसली. नीट मळली. तेलाचं बोट लावून पुन्हा मळली. वर ताट झाकलं. पिशवीतून उरलेल्या सगळ्या बिबड्या काढून ताटाशेजारी ठेवल्या.

सुलक्षणा खाली आली. तिने ताट पाहिलं, बिबड्या पाहिल्या. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. भागाबाईने तिच्या गालावरून हात फिरवला आणि मुकाट बाहेर आली. रीतीप्रमाणे दोघं काही न बोलता निघाली.

रिक्षात धनसिंग म्हणाला, "रडनी नही तू."

"नही उनं."

पुलावरून परत येताना तिने खाली पाहिलं नाही.

एकतीस तारखेला जेवणं लवकर उरकून चौघं डुमसला गेली. गाडी संध्याकाळी पाचची. धनसिंगने हिशेब केला होता. जायला तास, यायला तास, मध्ये एक तास समुद्र. भागाबाईने नवीन लुगडं नेसलं होतं, डिंपलच्या सासरचं. सारिकाने भजी घेतली. झाडं संपली, वाळू लागली, घोडेवाले, उंटवाले, फुगेवाले दिसू लागले. मग पुढे मोकळं झालं आणि प्रेमराज म्हणाला, "अरे."

पाणी नव्हतं.

नजर पोचेल तिथवर काळा चिखल होता. ओला, चमकणारा, सपाट. त्यात कुठेकुठे पाण्याची थारोळी. बगळे चालत होते. फार लांब आभाळाच्या कडेला एक पांढुरकी रेघ होती. तो समुद्र असेल किंवा नसेलही.

"ओहोटी शे," प्रेमराज डोकं खाजवत म्हणाला. "मनं ध्यानमाच उनं नही."

धनसिंग शेंगदाणेवाल्याकडे गेला. "पानी कब आएगा?" त्याने विचारलं. गाडीची वेळ विचारावी तसं.

"शाम को, चाचा. सात-साढ़े सात."

धनसिंगने घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते.

"नाना, गाडी जाऊ द्या," सारिका म्हणाली. "आज ऱ्हा. सकाय जा. नवं वरीस आठेच करा."

"पास आजपावत शे."

"तिकीट काढूत ना आम्ही. कितलं तिकीट ते?"

तिकीट काही फार नव्हतं. धनसिंगला ते ठाऊक होतं. पण एकतीस वर्षं ज्याने गाडीसाठी फाटक लावलं, त्याला गाडी सोडणं म्हणजे काय ते कळतच नव्हतं. गाडी थांबत नाही. माणसाने थांबायचं असतं. त्याने भागाबाईकडे पाहिलं. ती ऱ्हाऊत म्हणाली असती तर तो राहिला असता. असं त्याला नंतर वाटायचं. पण ती कधी मागून घेणारी नव्हती, आणि हेही त्याला ठाऊक होतं.

भागाबाई चिखलात उतरली होती. चपला हातात घेऊन, घोट्यापर्यंत पाय रुतवत ती वीसेक पावलं गेली आणि थांबली. कपाळावर हात धरून लांबच्या रेघेकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बठ्ठं भरी लई गयं कोनीतरी."

सारिका हसली. धनसिंगला ते फाटकावरचं बोलणं आठवलं.

"चाल ललितनी माय. गाडी चुकी."

ती वळली. चार पावलं आली. मग परत तोंड फिरवून, त्या काळ्या रिकाम्या चिखलाकडे पाहत, शेजारणीचा निरोप घ्यावा तशा आवाजात म्हणाली, "येस बरं."

"कोनले सांगी राहिनी?" धनसिंगने विचारलं.

"पानीले. सात दारवर तोंड बंद करीसन उठनू. आठे ते म्हनू शकस ना?"

पाचची गाडी मिळाली. बसायला जागाही मिळाली. भागाबाई नंदुरबारच्या आधीच झोपली आणि नरडाण्याला स्वतःहून जागी झाली.

होळी झाली. तिसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. भागाबाईने टाकी भरली, हंडे भरले. पितळी घागर अर्धी भरली असताना ती नळापाशीच खाली बसली. धनसिंग गोठ्यात होता. घागर भरून पाणी वाहून जाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, म्हणून तो पाहायला आला.

दहा दिवसांच्या आत सुरत दारावर आली. एक मोठी जीप करून आली. प्रमिलाबाई आली, तिने गल्लीच्या तोंडापासून हंबरडा काढला. पुनाची बायको आली. दुसऱ्या दिवशीच्या चारही दारांची माणसं आली. काहींची नावंही धनसिंगला आठवत नव्हती. सुलक्षणा दिपमालाच्या दोन्ही लेकरांना घेऊन आली आणि डिंपलच्या गळ्यात पडून अशी रडली की गावच्या बायका विचारू लागल्या, ही कोण. पुरुष ओट्यावर धनसिंगजवळ बसले. कसं झालं? कितली उमर व्हती? देवपुढे कोनं चालत नही. धनसिंग हो हो म्हणत होता. आवाज ऐकू येत होता, गाडी कोणती ते कळत नव्हतं.

उन्हं कलली तशी माणसं एकेक करून उठली. कुणी काही बोललं नाही. चपला घातल्या, पदर सावरले आणि जीपकडे चालू लागली. सर्वांत शेवटी सारिका उठली. तिचे डोळे सुजले होते. उंबऱ्यावर आली, धनसिंगच्या पायाला हात लावला आणि सवयीने म्हणून गेली, "येस नाना."

"अवं!" प्रमिलाबाईने तिचा दंड धरला. "दारवर असं म्हनतस का? अक्कल शे का?"

सारिकाने जीभ चावली.

"म्हनू द्या," धनसिंग म्हणाला. मग तो सारिकाकडे न पाहता, तिच्या मागच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहत म्हणाला, "ये."

भागाबाई ९ मार्च २०२३ रोजी, गुरुवारी सकाळी वारली.